ऐकायची खोली

नाना मिस्त्री कुणाच्याही घरात शिरले की पाणी मागायच्या आधी टाळी वाजवत. एकच, सणसणीत. मग मान जराशी वळवून थांबत, दोन पावलं सरकत आणि पुन्हा एक टाळी. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा ओट्यावर, माजघरात, स्वयंपाकघराच्या दारात अशा सात-आठ टाळ्या त्यांनी वाजवल्या. माझ्या बायकोला वाटलं, मी आरतीला कुणी बुवा धरून आणलाय. ती हात पुसत बाहेर आली, तर नाना अगदी गंभीर चेहऱ्यानं तिला म्हणाले, "ताई, तुमना घरमा आवाज भलता भटकस. तेले बठाले जागाच नही."

हे जळगावातलं, स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हाचं. माझी वकिली बरी चालायला लागली होती, आणि वकिली बरी चालली की माणसाला जे होतं ते मला झालं होतं. मला हौस झाली होती. मेहुण्यामार्फत मुंबईहून व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड फिरवायची मोटर आणि परातीएवढा स्पीकर मागवला. माजघरातल्या टेबलावर मांडून पहिली रेकॉर्ड लावली, तर मुंबईच्या दुकानात गोड वाटलेल्या गाणाऱ्या बाई आमच्याकडे येईपर्यंत पडशानं बेजार झालेल्या. शिवाय संध्याकाळी त्यांचा सूर आपोआप खाली उतरायचा. कुणीतरी म्हणालं, जिनातल्या नानांना दाखवा.

नाना एका जिनिंग फॅक्टरीत मोटारी आणि पट्टे सांभाळत. पन्नाशीचे, बुटके, गुडघ्यापर्यंत धोतर, आणि टोपी मूळची कुठल्या रंगाची हे सांगायला साक्षीपुरावा लागला असता. तीस वर्षं सरकी निघताना ऐकून त्यांचा डावा कान पार गेला होता. ऐकायची खोली करायला मी बहिरा माणूस आणला, म्हणून बार रूममध्ये माझी बरीच थट्टा झाली. मी ती नानांनाही ऐकवली. ते म्हणाले, "डावा कान जिनले दिधा, भाऊ. उजवा गानासाठे ठेवेल शे."

माझ्या मनात रस्त्याकडचा दिवाणखाना होता. काचेची कपाटं, वर तसबिरी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं सगळं. नानांनी तिथे टाळी वाजवली आणि नाक मुरडलं. मग परसात गेले. तिथे गोवऱ्या आणि सरपण ठेवायची धाब्याची जुनी खोली होती, हातभर जाडीच्या मातीच्या भिंतींची. आत जाऊन टाळी वाजवली आणि बाहेर आले ते हसतच. "हाईच," म्हणाले. मी पंधरा दिवस वाद घातला. कोर्टात मी बऱ्यापैकी बोलतो. नानांपुढे एकही मुद्दा टिकला नाही, कारण ते माझ्या बोलण्याच्या वेळी डावा कान माझ्याकडे करत.

काम त्यांनी जिनाच्या सुट्टीच्या दिवशी येऊन केलं. स्पीकरला पेटी नको म्हणाले. मधल्या भिंतीला भोक पाडून तो भिंतीतच बसवला आणि पलीकडची कोठीची खोली हीच त्याची पेटी केली. लाकडी चौकटी करून त्यात रुई भरली, वर मांजरपाट ठोकलं आणि भिंतींवर लावलं. दाराला आतून गोधडी. छताचं माळवद मात्र तसंच ठेवलं, मातीसारखं दुसरं काही नाही म्हणाले. सगळं झाल्यावर मला मध्ये खुर्चीवर बसवून टाळी वाजवली. ती जिथल्या तिथे विरली. "आते हाई खोली आयकस," ते म्हणाले. खरंच, आत बसलं की शेजारची पिठाची गिरणी नाही, बैलगाड्या नाहीत, काही नाही. सगळं गाव ज्यावर घड्याळं लावायचं तो जिनाचा भोंगासुद्धा आत ऐकू येत नसे. मी त्याचं फार कौतुक केलं. नानांना मात्र तेवढंच खटकलं होतं.

त्याचं कारण विजेचं होतं. दिवाळीपासून होळीपर्यंत कापसाचा हंगाम. जिनं जोरात चालली की आमच्या भागातले दिवे काजव्याएवढे होत. नाना समजावत, "वीज पानीसारखी शे, भाऊ. वर कोनी मोट लाई, का खाले तुमना पाट आटस." त्यांनी खांबापासून खोलीपुरती वेगळी तार ओढून घेतली. मग एका जळक्या ट्रान्सफॉर्मरचा सांगाडा आणून त्यावर स्वतःच्या हातानं तार गुंडाळली, दीड महिना, एकेक वेढा मोजत. त्याला सात घरांचं एक बटण केलं आणि वर काट्याचं मीटर बसवलं. वीज कमी आली की बटण एकेक घर वर चढवायचं आणि काटा लाल रेघेवर आणायचा. नानांचा नियम एकच होता: "आधी काटा देखा, मंग गानं आयका."

खरी मेख पुढे होती. संध्याकाळी भोंगा झाला की जिन थांबे, आणि अडलेली वीज सगळ्यांच्या घरात एकदम घुसे. त्या वेळी बटण वर राहिलं तर मशीन जळणार, हे ठरलेलं. आणि भोंगा तर आत ऐकू येत नाही. म्हणून नाना कनवटीचं घड्याळ समोर ठेवून बसत आणि भोंग्याच्या पाच मिनिटं आधी बटण खाली आणत. गाणं बारीक होई, मी कुरकुरे. थोड्या वेळानं काटा आपोआप वर येई. त्यांनी मला हे शंभरदा सांगितलं होतं, घड्याळ बघायला शिकवलं होतं. मी तेव्हा मान डोलावली होती.

अर्थिंगसाठी परसात त्यांनी कोळसा आणि मीठ घालून खड्डा केला. त्यात रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतायचं, नाहीतर उन्हाळ्यात गाण्याच्या मागे भुंगा लागतो. हे काम बायकोकडे आलं. ती रोज न चुकता पाणी घालते हे पाहून शेजारच्या काकूंनी एका सोमवारी त्यावर हळदकुंकू वाहिलं, आणि महिन्याभरात गल्लीतल्या चार जणी तिथे यायला लागल्या. मी वैतागलो. नाना म्हणाले, "राहू द्या. पूजा व्हई, तर पानी बी पडी." त्या उन्हाळ्यात आमच्या गाण्यामागे भुंगा मुळीच नव्हता.

नाना स्वतः कसे ऐकत हे सांगायला मला जड जातं. खोलीत दोन खुर्च्या होत्या. नाना त्यावर कधी बसले नाहीत. बटणाशेजारी पालथं खोकं टाकून बसत, उजवा कान स्पीकरकडे आणि डोळे काट्यावर. मी पहिल्या दिवशी खुर्ची पुढे केली. "कपडाले तेल शे, भाऊ, तुमनी गादी खराब व्हई," ते म्हणाले. मी पुन्हा म्हटलं नाही. गादी नवी होती आणि मला तिची काळजी होती. दोन वर्षं तो माणूस स्वतः केलेल्या खोलीत खोक्यावर बसला, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

एकदा मात्र एका बाईंची भीमपलासातली रेकॉर्ड संपल्यावर ते बटणावरचा हात न काढता म्हणाले, "तिसऱ्या येळे दम घेस ती बाई. सांगू कोठे?" आणि सुई परत ठेवून अचूक जागा दाखवली. मी ती रेकॉर्ड पन्नास वेळा लावली असेल. मला तो श्वास त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला, आणि तेव्हापासून मला त्या बाई रेकॉर्डमधल्या न वाटता समोर बसलेल्या वाटायला लागल्या. चार पाहुण्यांत हा श्वास मी माझा शोध म्हणून दाखवत असे, हेही आता सांगून टाकतो.

धुळ्याचे एक शेठजी माझे अशील होते. धुळ्याला त्यांचं नवं घर बांधायला निघालं होतं आणि माझ्याकडून खोलीचं ऐकून त्यांनाही तशी हवी होती. शिवाय घर, गोदाम, सगळ्याचं वायरिंग. मी नानांचं नाव सुचवलं. नानांची एकुलती एक मुलगी धुळ्याला दिली होती आणि बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेठजींचं काम मिळालं तर जिन सोडून लेकीजवळ राहता येणार होतं. असं काही हवंय हे नाना बोलून दाखवणाऱ्यांतले नव्हते, पण त्यांनी भुऱ्या कागदावर शेठजींच्या खोलीचा नकाशा काढून आणला. तारा कुठून जातील, खड्डा कुठे, स्पीकर कुठल्या भिंतीत. एका कोपऱ्यात छोटा चौकोन होता. हे काय, विचारलं तर म्हणाले, "काटा देखनारानी खुर्ची."

शेठजी खोली ऐकायला यायचे ठरले, ते नेमके भर हंगामातल्या एका संध्याकाळी. नाना जिनातून लवकर सुटी घेऊन आले, तसेच, कामाच्या कपड्यांत. शेठजींचं पांढरंशुभ्र धोतर, अत्तराचा वास, आणि शेजारी खोक्यावर हे तेलकट मिस्त्री. मला ते चित्र बरं दिसेना. मी नानांना बाजूला घेऊन म्हटलं, "नाना, आज तुम्ही बाहेर ओट्यावर बसा. काटा मी बघतो." त्यांनी कनवटीचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि ते बाहेर गेले.

ते घड्याळ मी खिशात टाकलं. बटण पाचव्या घरावर होतं. रेकॉर्ड लावली आणि शेठजींना सांगायला लागलो. भिंतीला भोक मी का पाडलं, रुई मी कुठून निवडली, माळवद मी का ठेवलं. सगळीकडे मीच. शेठजी वा वा म्हणत होते आणि मी चढत होतो. बाईंचा तो श्वास आला तेव्हा मी बोट वर करून तोही दाखवला. खिशातलं घड्याळ खिशातच होतं. बाहेर भोंगा झाला. आम्हाला तो ऐकू आला नाही, कारण खोली फार चांगली झाली होती.

नानांना ऐकू आला. एका कानानं का होईना, आला. ते ओट्यावरून परसात धावत आले, दार ढकललं आणि सरळ बटणावर झेप घेतली. तोवर बाईंचा आवाज एकदम फुगला होता. निळा भपका निघाला, जळक्या लाखेचा वास सुटला आणि सगळं थंड झालं. धूर विरला तेव्हा शेठजींना दिसलं ते एवढंच की एक तेलकट माणूस न विचारता आत घुसला, त्यानं बटण फिरवलं आणि मशीन जळलं.

"हे काय केलं यानं?" शेठजींनी विचारलं.

आजवर मी कितीतरी साक्षीदारांना खोदून विचारलं आहे की, त्या क्षणी तुम्ही नेमकं काय बोललात. मी बोललो ते असं: "नाना, मधे मधे हात लावू नका म्हणून कितीदा सांगायचं तुम्हाला?"

नानांचा हात अजून बटणावर होता. मला वाटलं, आता ते म्हणतील, वकीलभाऊ, घड्याळ कोठे शे? ते म्हणाले नाहीत. धोतराच्या सोग्यानं त्यांनी बटणावरची काजळी पुसली आणि बाहेर गेले. शेठजी सौम्यपणे म्हणाले, "वकीलसाहेब, तुमची कल्पना उत्तम आहे. माणूस मात्र मी मुंबईचा बघतो." मी म्हटलं, "जशी आपली इच्छा." एवढं बोलायला मला मुळीच वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी नाना आले. खोक्यावर बसून त्यांनी ट्रान्सफॉर्मर उघडला, जळलेली तार काढली आणि नवी गुंडाळायला घेतली. तीन दिवस येत होते. मी कोर्टात जाताना परसाकडून न जाता पुढच्या दारानं जात होतो. तिसऱ्या दिवशी मी घड्याळ परत दिलं आणि म्हटलं, "नाना, परवा जरा..." ते म्हणाले, "व्हस तसं, भाऊ." चहा घेतला, बायकोला खड्ड्यात पाणी घालायची आठवण केली आणि गेले. बायको दारात उभी होती. तिला सगळं माहीत होतं, कारण ती कोठीच्या खोलीत होती आणि भिंतीतल्या भोकातून माझा शब्द न् शब्द तिला ऐकू आला होता. ती मला एवढंच म्हणाली, "शेठजींना पत्र टाका." मी म्हटलं, टाकतो.

गाव लहान, आणि शेठजींचे सोयरे जळगावात पुष्कळ. नानांच्या हातून वकिलाचं मशीन जळलं, ही बातमी महिनाभरात सगळीकडे झाली. घरोघरची वायरिंगची कामं त्यांना मिळेनाशी झाली. पुढे जिनाच्या मॅनेजरनंही मोटारींवर दुसरा माणूस नेमला. नाना त्यांच्या गावी, नरडाण्याला, निघून गेले. मला हे कळलं ते एका कारकुनाकडून. मी खोलीत जाऊन रेकॉर्ड लावली, आणि काटा बघायला मलाच खोक्यावर बसावं लागलं. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं की तिथून गाणं नीट ऐकू येत नाही. स्पीकर खुर्चीच्या रोखानं बसवला होता.

दोन वर्षं मी पत्र टाकलं नाही. बायको आधी दर आठवड्याला विचारी, मग सणासुदीला, मग तिनं विचारणं सोडलं, आणि ते मला जास्त लागलं. शेवटी एका रविवारी मी पॅसेंजरनं नरडाण्याला गेलो. नाना शेतकऱ्यांच्या विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करत होते. स्टेशनापासून जवळच एका खोलीत एकटे राहत होते. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला की मला तोंड वर करवेना. त्यांनी स्वतः वांगी भाजून भरीत केलं, कळण्याची भाकरी समोर ठेवली. जेवता जेवता मी सांगायला लागलो, की नाना, त्या दिवशी घड्याळ माझ्या खिशात होतं, चूक माझी होती आणि मी...

"माले काय सांगतस, भाऊ?" नाना म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मी तठेच व्हतू ना. जेले सांगानं शे, तेले सांगा."

मी हात धुतला तो तसाच एस.टी.त बसलो आणि दुपारी धुळ्याला शेठजींच्या नव्या घरी पोचलो. दोन वर्षं मनात घोळवलेलं सगळं उभ्या उभ्याच सांगितलं. भोक नानांनी पाडलं, खोली नानांनी केली, बटण मी वर ठेवलं, ते वाचवायला आले होते, आणि मी तुमच्यासमोर खोटं बोललो. शेठजी पान लावत ऐकत होते. मग म्हणाले, "अहो, एवढ्यासाठी उन्हात आलात? मशिनं जळतातच. आमचंही जळलं, त्या खोलीत आता धाकटा झोपतो. पण कोण हा नाना?"

मी सांगत राहिलो, टोपी, तेल, बटण. शेठजींना आठवेना. माणूस भला होता. त्यांनी दौत आणि कागद पुढे केला. "असं करा, नाव-पत्ता लिहून ठेवा. नव्या गोदामाचं वायरिंग काढायचंय, वर्षभराचं काम आहे. मुनीमजी बोलावून घेतील."

मी टाक उचलला आणि 'नाना' लिहिलं. मग 'मिस्त्री' लिहिलं. मग 'नरडाणा'. शेठजी कागद पाहून हसले. "वकीलसाहेब, नरडाण्यात नाना मिस्त्री चार असतील. पूर्ण नाव लिहा ना. कोण, कुणाचा?"

मला ठाऊक नव्हतं. पाच वर्षांची ओळख. घरात माझ्या बायकोनं त्यांना दिवाळीचं ताट वाढलेलं. पण ते आले की 'नाना आले', गेले की 'नाना गेले', एवढंच. पोस्टानं कळवतो, असं सांगून मी निघालो.

घरी येऊन पोस्टकार्ड घेऊन बसलो. काय लिहिणार? नाना, तुमचं नाव काय? ज्या माणसाला आपण खोटं पाडलं, त्याला आता हेही विचारायचं, याची मला लाज वाटली. एखाद्या खेपेला नरडाण्याला जाईन, बोलता बोलता सहज विचारून घेईन, असं ठरवलं. कोर्टाची तारीख निघाली, मग हंगाम आला, मग आमच्या मुलीचं लग्न निघालं.

पुढच्या वर्षी पावसाळा संपताना, मी कोर्टाचा कोट चढवत असताना, टपालात एक कार्ड आलं. कोपरा फाडलेला. धुळ्याचा शिक्का, बाईमाणसाचं कष्टानं काढलेलं अक्षर. लिहिलं होतं, आमचे वडील सुकलाल उखा लोहार यांना देवाज्ञा झाली, दहावा अमुक तारखेला.

कुणी जुने अशील असतील, असं वाटलं. बायको आतून विचारत होती, कुणाचं कार्ड? मी म्हटलं, "कुणी सुकलाल लोहार वारले. आपल्या ओळखीचे नाहीत." आणि मग खाली, दहाव्याच्या जागेशी, गावाचं नाव वाचलं. नरडाणा.